सही कुणाची, कागद कुणाचा?

निवडून दिलेला प्रतिनिधी नकोसा झाला, तर त्याला मुदतीपूर्वी परत बोलावण्याचा हक्क मतदाराला असावा, ही मागणी आपल्याकडे १९७४ च्या आंदोलनात जयप्रकाश नारायण यांनी केली होती. अमेरिकेतील अनेक राज्यांत हा हक्क आहे. मात्र त्यासाठी आधी अर्जावर ठराविक मतदारांच्या सह्या लागतात आणि त्या कुणीतरी दारोदार फिरून गोळा कराव्या लागतात. हा ‘कुणीतरी’ कुठला असावा, यावरून तेथे खटले झाले आहेत.

मिशिगन राज्याच्या कायद्यानुसार सह्या गोळा करणाराही त्याच मतदारसंघाचा नोंदलेला मतदार असावा लागे. २००८ साली तेथील प्रतिनिधिगृहाचे सभापती अँडी डिलन यांच्याविरुद्धच्या अर्जावरील बऱ्याच सह्या याच कारणाने बाद झाल्या. सही करणारे खरे मतदार, पण कागद पुढे करणारा बाहेरचा! प्रकरण फेडरल न्यायालयात गेले. ही अट भाषणस्वातंत्र्याच्या आड येते, असे न्यायालयाने म्हटले. नोव्हेंबरात मतदान झाले आणि डिलन यांनी पद राखले. म्हणजे कागद बाहेरच्यांनी फिरवला तरी निकाल घरच्यांनीच दिला!

सर्वच न्यायालयांचे मत असे नाही. लोकांनी कायदा सुचवण्याच्या अर्जांबाबत, ‘सह्या गोळा करणारा नोंदलेला मतदारच हवा’ ही कोलोरॅडोची अट सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केली. पण रहिवासाचा प्रश्न तेथे सुटला नाही. २००१ मध्ये एका अपील न्यायालयाने नॉर्थ डाकोटाची रहिवासाची अट कायम ठेवली. बाहेरचा माणूस खोट्या सह्या करून निघून गेला तर त्याला धरायचे कुठे, ही भीती त्यामागे आहे. ती खोटी नाही. पण ‘चौकशीला हजर राहीन’ असे त्याच्याकडून आधीच लिहून घेता येते. त्यासाठी दारच बंद कशाला?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजोबांच्या काळी आमच्या वस्तीचे अर्ज शेजारच्या गावचे एक गुरुजी लिहून देत. अक्षर त्यांचे, अंगठा आमच्या माणसांचा. म्हणून गाऱ्हाणे परके ठरले काय?

मित्रहो, ज्यांच्याकडे माणसे, पैसा आणि शिक्षण आहे त्यांना अशी अट बोचत नाही. ती बोचते दुबळ्यांना. सही कसून तपासावी. कागद आणणाऱ्याचे गाव विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.