चीज-मॅकरोनीचे कुरकुरीत गोळे आणि आपले पथ्यपत्रक

आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलाच्या खणात एक छापील पथ्यपत्रक असते. लोणचे, पापड, वडापाव, दही, वांगे, हरभरा, तळलेले व आंबवलेले पदार्थ वर्ज्य. मूग, तांदूळ, दुधी, पडवळ, ताक पथ्यकर. हे पत्रक पिढीजात आहे. एका वैद्याकडून दुसऱ्याकडे जाताना त्यात फारतर औषधालयाचे नाव बदलते. त्यात मॅकरोनी नाही, चीज नाही, ब्रेडचा चुरा नाही. पेण येथे नित्य आणि रोहा येथे आठवड्यातून दोन दिवस रुग्ण पाहताना मात्र हेतुसेवनाच्या रकान्यात हे शब्द मला वारंवार लिहावे लागतात. रुग्णाने आपण होऊन ते सांगितलेले नसतात. "बाहेरचे काही खात नाही, सगळे घरचेच," असे उत्तर मिळते आणि पुढे आणखी खोदून विचारल्यावर कळते की शनिवारी सायंकाळी मुलांसाठी चीज घातलेल्या मॅकरोनीचे गोळे तळले होते, घरातील सर्वांनी खाल्ले आणि उरलेले रविवारी सकाळी पुन्हा तळले.

ज्या वैद्यबंधूंच्या घरी हा पदार्थ अद्याप पोहोचला नसेल त्यांच्यासाठी कृती सांगतो. एक वाटी कोरडी मॅकरोनी मिठाच्या पाण्यात शिजवून निथळतात. तीन चमचे लोण्यावर तेवढाच मैदा परतून एक वाटी दूध घालून दाट सार करतात, त्यात शंभर ग्रॅम किसलेले चीज विरघळवितात, मिरपूड घालतात व मॅकरोनी कालवतात. हे मिश्रण थंड करून घट्ट झाल्यावर त्याचे लिंबाएवढे गोळे वळतात, मैद्याच्या पातळ पिठात किंवा फेटलेल्या अंड्यात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवतात आणि तळतात. एवढ्या साहित्यात पंधरा-सोळा गोळे होतात. वरून खमंग व कुरकुरीत, आतून मऊ व ओढला जाणारा असा हा पदार्थ रुचकर आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

यावर आपली ठरीव प्रतिक्रिया असते: "हा विरुद्धाहार आहे, बंद करा." मला ही प्रतिक्रिया शास्त्रदृष्ट्या अपुरी आणि व्यवहारात निरुपयोगी वाटते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात विरोधाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी कोणता प्रकार येथे लागू होतो हे न सांगता "विरुद्ध" हा शब्द उच्चारणे म्हणजे निदान न करता "वात आहे" असे सांगण्यासारखे आहे. शिवाय त्याच अध्यायात आचार्य म्हणतात की सात्म्य झालेल्यास, अल्प मात्रेत घेणाऱ्यास, दीप्ताग्नी, तरुण, स्निग्ध, व्यायामशील व बलवान व्यक्तीस विरुद्धान्न बाधत नाही. हे वचन आपण परीक्षेसाठी पाठ केले आणि पुढे सोडून दिले.

गुरुत्वाचा प्रश्न अधिक खरा आहे. चीज हे आपल्या किलाटवर्गाच्या सर्वांत जवळचे द्रव्य. चरकांनी किलाटादी पदार्थ गुरू, बृंहण व वातघ्न मानले असून दीप्ताग्नी व अनिद्र व्यक्तींना ते सुखकर सांगितले आहेत. त्याच सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात, मात्राशितीयात, किलाट व कूर्चिका यांचे नित्य शीलन करू नये असे आहे. म्हणजे आक्षेप द्रव्यावर नाही, त्याच्या सवयीवर आहे. तेथेच पिष्टमय पदार्थांबरोबर पृथुकांचाही, म्हणजे आपल्या पोह्यांचाही उल्लेख येतो: जेवणानंतर कधीही खाऊ नयेत, भूक असता मात्रेत खावेत. ज्या पेणचे पोहे व पापड मुंबईपर्यंत नावाजलेले आहेत, तेथील वैद्याने हे वचन लक्षात ठेवावे. मॅकरोनी गव्हाच्या रव्याची वा मैद्याची, म्हणजे पिष्टमयच. तिला पोह्यांहून निराळा नियम लावण्याचे कारण नाही.

करण किंवा संस्कार म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी या परिसराइतकी सोपी जागा नाही. भाद्रपदात ज्या पेणच्या गणेशमूर्ती देशोदेशी जातात, त्याच पेणमध्ये कोणी उकडीचा मोदक करतो तर कोणी तळणीचा. नारळ व गूळ तोच, परंतु उकडीचा पचतो वेगळा आणि तळलेला वेगळा, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. उन्हाळ्यात घातलेले पोह्याचे मिरगुंड वर्षभर तळले जातात, तेही कुरकुरीतच. पूर्वी तळण नव्हते असे नाही. फरक कालाचा होता. तळणीची कढई सणाला, पाहुण्याला किंवा पावसाळी संध्याकाळी चढत असे. आज ती कधीही चढते आणि सोबत थंड पेय येते. वाग्भटांनी पिष्टमय अन्नावर कोमट पाण्याचे अनुपान सांगितले आहे. आपण नेमके उलटे करतो.

आता तळण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण रुग्णाला खरा उपयोग याच भागाचा होतो आणि आपण नेमका हाच भाग टाळतो. कुरकुरीतपणा हा पाणी बाहेर पडण्याचा परिणाम आहे. साधारण १७५ ते १८० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात गोळा पडताच पृष्ठभागातील पाण्याची वाफ होऊन ती बाहेर येते, बाहेरचा थर कोरडा होऊन घट्ट होतो व तांबूस रंग धरतो. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरण्यास फारसा वाव नसतो. तेल कमी तापलेले असेल तर कवच उशिरा बनते, पदार्थ जास्त वेळ कढईत राहतो आणि तेलकट होतो. गोळा बाहेर काढल्यावर आतील वाफ निवते, पोकळी निर्माण होते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. पदार्थात शिरणाऱ्या तेलाचा मोठा भाग या निवण्याच्या वेळी शिरतो. म्हणून झाऱ्यावर झटकून लगेच जाळीवर सुटे ठेवावेत. कागदावर रास केली तर खालचे गोळे वाफेने मऊही पडतात आणि तेलही पितात.

गोळे फुटून चीज तेलात सांडते अशी तक्रार असते. मिश्रण दोन-तीन तास थंड करून पुरते घट्ट होऊ द्यावे, आवरण दोनदा द्यावे, एका वेळी चार-पाचच गोळे सोडावेत. सांडलेले चीज व चुरा तेलात जळतो आणि तेच तेल पुढच्या घाण्यास लागते. असा करपट घाणा पाकविरुद्ध म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. स्टार्चयुक्त पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले वा तळले असता ॲक्रिलामाइड तयार होते हे स्वीडनमधील संशोधनाने २००२ साली पुढे आणले. रंग जितका काळपट तितके ते सर्वसाधारणपणे अधिक. सोनेरी रंगावर थांबा, हा सल्ला पाककलेचा आहे तसाच वैद्यकाचाही आहे. शिजवलेली मॅकरोनी रात्रभर ओट्यावर ठेवू नये. आणि उरलेले पुन्हा तळणे तर सर्वथा टाळावे. पुन्हा उष्ण केलेले अन्न वाग्भटांनी त्याज्यच ठरविले आहे.

"घरचे म्हणजे निर्दोष" ही समजूत आपणच रुजवली. हॉटेलवर निदान कायदा आहे: तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तेल व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटची मर्यादाही जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली. घरच्या कढईतील तेल मात्र कोणी तपासत नाही. शनिवारचे उरलेले तेल गाळून डब्यात जाते, बुधवारी त्यात भजी होतात, पुढच्या शनिवारी पुन्हा गोळे. तेल काळसर, दाट, फेसाळ झाले किंवा थोड्या आचेवर धुरावू लागले की टाकावे, एवढे सांगण्यास आपणास कोणती अडचण आहे? कढई लहान घेतली तर तेल कमी लागते आणि टाकताना जीवही कमी तुटतो.

औषधालयांच्या मालकांशी मला स्वतंत्रपणे बोलायचे आहे. तळलेले खाऊन पोट जड झालेला माणूस वैद्याकडे येण्यापूर्वी आपल्या गल्ल्यावर येतो. शंखवटी, लवणभास्कर, अविपत्तिकर हातोहात जातात. अधूनमधून घेण्यास हरकत नाही. परंतु दर आठवड्यास तीच बाटली नेणाऱ्यास आपण काही विचारतो का? लवणभास्कर लवणप्रधान आहे. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मीठ असतेच, शिवाय ते एकसारखे वितळावे म्हणून घातलेले सोडियमचे क्षारही असतात. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने आधी ते चीज खावे आणि मग पचनासाठी लवणभास्कर घ्यावे, हा दुहेरी भार आहे. अविपत्तिकर चूर्णात पाठानुसार सुमारे निम्मा भाग शर्करा असते व त्रिवृत भरपूर. मधुमेही व्यक्तीने ते महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेणे योग्य नव्हे. विक्री थांबवा असे मी म्हणत नाही, दुकान चालवायचे असते हे मला कळते. तिसऱ्या बाटलीस मात्र "वैद्यांना दाखवलेत का?" एवढे विचारावे. पाचक औषध हे अपथ्याचे परवानापत्र म्हणून विकले जाऊ लागले तर शास्त्राची प्रतिष्ठा आपल्याच हाताने कमी होते.

बंदीच्या सल्ल्याने रुग्ण पदार्थ सोडत नाही, सांगणे सोडतो. धाटावच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा अम्लपित्ताचा रुग्ण, कबड्डी खेळणारा चौदा वर्षांचा कृश मुलगा आणि दिवसभर खुर्चीत बसणारे पन्नाशीचे स्थूल प्रमेही गृहस्थ, या तिघांना एकच पत्रक देणे म्हणजे उपयोक्ता हे आयतन गाळून टाकणे होय. मुलास खेळून आल्यावर, खऱ्या भुकेस, चार गोळे खुशाल द्यावेत. पाळीवाल्यास रात्रपाळीच्या आठवड्यात नकोत. प्रमेही गृहस्थांनी महिन्यातून एकदा दोन घ्यावेत, तेही दुपारच्या जेवणाऐवजी, जेवणानंतर नव्हे. आणि नातवंडांच्या ताटातले उरलेले संपविण्याचे काम कुणा दुसऱ्यावर सोपवावे.

पथ्यपत्रकाच्या पुढील छपाईत मी "तळलेले वर्ज्य" ही ओळ काढून तिच्या जागी पाच गोष्टी घालणार आहे: किती, कोणत्या वेळी, कोणत्या तेलात, त्यावर काय प्यावे, आणि कोणी मुळीच खाऊ नये. पेण व रोहा येथील वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या रुग्णांकडून अशा नव्या पदार्थांची नावे व कृती टिपून आणाव्यात. शाखेच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास त्यासाठी राखून ठेवला, तर पावसाळ्यापूर्वी दोन्ही गावांच्या दवाखान्यांना आणि औषधालयांना एकच पत्रक देता येईल.