व्हिसा एकाचा, संसार दोघांचा

मुळशी तालुक्याला पती-पत्नींचा वियोग नवा नाही. मुंबईच्या कचेऱ्यांत जेवणाचे डबे पोचविणाऱ्या अनेकांची घरे मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या तालुक्यांत आहेत. कारभारी मुंबईत खोलीवर आणि घरधनीण गावी भातखाचरात, अशी या संसारांची वाटणी पिढ्यानपिढ्या चालत आली. तिचे कारण मुंबईतील जागेची टंचाई आणि तुटपुंजी मिळकत हे होते. पतीकडे जाण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. याच तालुक्यातील हिंजवडीत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिल्यानंतर मात्र वियोगाचा निराळाच प्रकार येथे रुजला. त्यात पैशाची वानवा नसते, जागेचीही नसते; वानवा असते ती पारपत्रावरील एका परवान्याची.

हिंजवडीतून परदेशी जाणाऱ्या अभियंत्यांचा सर्वांत परिचित मार्ग अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाचा होय. १९९० च्या कायद्याने तो निर्माण झाला. वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकी विद्यापीठांतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार, अशी त्याची सर्वसाधारण मर्यादा आहे. या कर्मचाऱ्याची पत्नी अथवा पती आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांना एच-४ व्हिसा मिळतो व त्यावर संख्येची मर्यादा नाही. विवाहाचा दाखला, जोडीदाराच्या नोकरीची कागदपत्रे आणि वकिलातीतील मुलाखत, एवढी पूर्तता केली की कागदावर तरी वाट सरळ असते.

२०२५ च्या उत्तरार्धात ही वाटही बिकट झाली. सप्टेंबरच्या आरंभी मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेकांसाठी बंद झाली. १९ सप्टेंबर रोजी अमेरिकेबाहेरील व्यक्तींसाठी करावयाच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची आकारणी जाहीर झाली. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची छाननी सुरू होताच भारतातील वकिलातींनी अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती कित्येक महिने पुढे ढकलल्या. लग्नकार्यासाठी अथवा आजारी आईवडिलांना भेटण्यासाठी आलेल्यांवर पैलतीरीच्या घराला अंतरण्याचे प्रसंग आले.

आश्रित कोण?

तथापि विलंब हा या प्रश्नाचा वरवरचा भाग आहे. मूळ प्रश्न व्हिसा मिळाल्यानंतर सुरू होतो. एच-४ वर पतीही जातात, परंतु बहुसंख्या स्त्रियांची आहे. त्यांतील अनेकजणी अभियंता, प्राध्यापिका वा डॉक्टर असतात. हिंजवडीत पतीच्या शेजारच्या मेजावर बसून त्याच्याइतकाच पगार घेणारी स्त्री विमानातून उतरताच कायद्याच्या परिभाषेत ‘आश्रित’ होते. २६ मे २०१५ रोजी अमलात आलेल्या नियमापर्यंत तिला तेथे नोकरीचा अधिकारच नव्हता. या नियमानेही तो सरसकट दिला नाही. पतीच्या ग्रीन कार्डाचा प्राथमिक अर्ज मंजूर झालेला असेल, किंवा त्यासंबंधीच्या तरतुदीखाली त्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, तरच ती परवान्यास पात्र ठरते. या नियमाविरुद्धचा दावा ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीस घेण्याचे नाकारले, म्हणून नियम वाचला. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना मिळणारी आपोआप मुदतवाढ बंद करण्यात आली. कचेरीतील दिरंगाईपायी हातची नोकरी सोडून घरी बसण्याची टांगती तलवार त्यामुळे कायम राहिली.

त्यातच नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्यास सर्वसाधारणतः सात टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत, असा दंडक आहे. भारतासारख्या देशाला तो लावल्याने रांग दशकांवर गेली आहे. तोवर पतीची नोकरी गेली तर कुटुंबाला सावरण्यासाठी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. घटस्फोट झाला तर पत्नीच्या वास्तव्याचा आधारच संपतो. ज्या घरात एकाचे देशात राहणे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, तेथील भांडण दोन समानांचे राहत नाही.

एका अक्षराचा भेद

पत्नींना मुक्तपणे नोकरी दिल्यास एच-१बीवरील संख्येची मर्यादा मागील दाराने ओलांडली जाईल, असा विरोधकांचा युक्तिवाद आहे. स्वदेशी कामगारांचे हित पाहण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, हेही नाकारता येणार नाही. परंतु हा युक्तिवाद अमेरिकेचाच कायदा खोटा ठरवितो. बहुराष्ट्रीय कंपनीने आपल्याच कर्मचाऱ्याची अमेरिकेत बदली केली की त्याला एल-१ आणि पत्नीला एल-२ व्हिसा मिळतो. २००२ च्या कायद्याने अशा पत्नीस नोकरीची मुभा दिली आणि नोव्हेंबर २०२१ पासून तिला वेगळा परवानाही लागत नाही. म्हणजे एकाच कचेरीतील दोन सहकारी निरनिराळ्या व्हिसांवर गेले, तर एकाची पत्नी पोचताच कामाला लागू शकते आणि दुसऱ्याची वर्षानुवर्षे घरी बसते. दोघींचे शिक्षण एक, शहर एक. फरक एका अक्षराचा. जर्मनीत कुशल कामगाराच्या जोडीदारास नोकरीची मोकळीक आहे. उलट कॅनडाने जानेवारी २०२५ पासून जोडीदारांच्या परवान्यावर मर्यादा घातल्या. हा सारा धोरणाचा प्रश्न आहे, अपरिहार्यतेचा नव्हे.

आपल्या हातचे

दुसऱ्याला बोल लावताना आपले अंगणही पाहिले पाहिजे. भारतात नोकरीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला प्रवेश-व्हिसा मिळतो. त्यावर नोकरी करता येत नाही. जो हक्क आपण इतरांना देत नाही तो मागताना आवाज चढत नाही. परस्परतेच्या तत्त्वावर हा विषय व्यापारी वाटाघाटींत आणणे म्हणूनच शक्य आणि इष्ट आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार कराराबरोबरच तात्पुरत्या बदलीवर जाणाऱ्या भारतीयांना तेथील सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतून तीन वर्षे सूट देण्याचे ठरले. कर्मचाऱ्याच्या वर्गणीसाठी सरकार घासाघीस करू शकते, तर त्याच्या जोडीदाराच्या हक्कासाठी का नाही?

परदेशस्थ भारतीयांच्या विवाहांसंबंधी सर्वंकष कायदा करण्याची शिफारस विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील आपल्या २८७ व्या अहवालात केली आहे. टाकून दिलेल्या पत्नीला दाद मागण्याची सोय मायदेशी तरी असावी, हा तिचा गाभा आहे. ती शिफारस कपाटात राहू नये.

काही गोष्टींसाठी तर दिल्लीकडेही पाहावयास नको. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणी सक्तीची आहे आणि खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते. तरीही अनेक घरांत ती तिकीट काढावयाच्या वेळी आठवते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याच्या प्रथेमुळे पदवीवर एक नाव, विवाहाच्या दाखल्यावर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे, असा घोळ होतो. नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. बेताच्या पगारात मुलीला अभियंता करणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने परदेशातील स्थळ पाहताना मुलाच्या पगाराची चौकशी करावीच. परंतु मुलगी कोणत्या व्हिसावर जाणार, त्यावर तिला नोकरी करता येईल का आणि संसार मोडल्यास तिच्या राहण्याचे काय, हे तीन प्रश्नही याद्या होण्यापूर्वीच विचारावेत.