चिकन सोडू नका, नीट शिजवा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकदम वाढले, तेव्हा 'डॉक्टर, चिकन बंद करू का?' असं अनेकांनी विचारलं. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. त्या साथीत मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. पण हाच जिवाणू कोंबडीच्या कच्च्या मांसावरही नेहमी आढळतो. त्याने बहुतेकांना ताप, पोटात मुरडा, जुलाब होतात आणि आठवडाभरात बरं वाटतं. क्वचित एखाद्याची प्रतिकारशक्ती मात्र जिवाणूशी लढताना स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातापायांतली ताकद जाते. हाच जीबीएस.

माझ्या मते चिकन सोडायची गरज नाही. रटरट उकळलेल्या रश्श्यात हा जिवाणू टिकत नाही. धोका आहे तो बाहेरून करपलेल्या, पण हाडाजवळ कच्च्या राहिलेल्या तंदुरीत. लिंबू, दही, मसाला लावून ठेवल्याने जंतू मरत नाहीत. नुसत्या रंगावर विसंबू नका. मांसाचा सर्वांत जाड भाग आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा.

कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. आणि त्याच सुरीने कोशिंबिरीची काकडी चिरली, तर रस्सा कितीही उकळून उपयोग काय?

जुलाबानंतर काही दिवसांनी पायांना मुंग्या आल्या किंवा पाय लटपटू लागले, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.