मनुकांत एक शेंगदाणा

बदाम, मनुका आणि वाळवलेले जर्दाळू एकत्र करून पाकिटात भरले आणि ते पाकीट न्हावा शेवा बंदरात उतरवले, तर कस्टम्सच्या लेखी तो ०८१३ ५० चा माल झाला: सुक्यामेव्याचे मिश्रण. त्यात मूठभर शेंगदाणे पडले की हा क्रमांक डळमळतो. ०८१३ च्या मथळ्यात ‘या प्रकरणातील’ मेव्याचे मिश्रण अशी अट आहे आणि शेंगदाणा त्या आठव्या प्रकरणात नाहीच. तो बाराव्यात, तेलबियांच्या रांगेत बसवलेला आहे. शेंगदाणे भाजलेले असले तर मग विसावे प्रकरण. क्रॅनबेरी घातली तरी बहुधा विसावेच, कारण दुकानात ‘सुकी’ म्हणून मिळणारी क्रॅनबेरी जवळजवळ नेहमी साखरेत मुरवलेली असते. चॉकलेटचा लेप चढवला की अठरावे. युरोपीय संघाच्या कोष्टकात तर मिश्रणात सुका आलुबुखार किंवा अंजीर आहे की नाही, यावरही उपक्रमांक बदलतात.

हे सारे कारकुनी खूळ वाटते, पण तसे ते नाही. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही क्रमांकपद्धती १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन भारताने आपल्या सोयीने जोडलेले. (त्या दोन आकड्यांच्या जागेत आपण मऊ खजूर आणि कडक खारीक यांना वेगळी बिऱ्हाडे करून दिली आहेत.) पद्धतीचा रोख साधा आहे: रानातून आला तसा माल आधीच्या प्रकरणात, त्यावर माणसाचा हात फिरत गेला की पुढच्या. वाळवणे, सोलणे, तासगावकडे बेदाण्याला देतात तशी गंधकाची धुरी देणे, चमक यावी म्हणून तेलाचा हात लावणे, एवढ्याने मेवा आठवे प्रकरण सोडत नाही. टिकावा म्हणून बेताची उष्णता दिली तरी चालते. भाजला की मात्र विसावे.

बेताची उष्णता कुठे संपते आणि भाजणे कुठे सुरू होते? खाणाऱ्याला याचे सोयरसुतक नाही. आयातदाराला आहे, आणि ते किती असावे हे सुपारीने दाखवून दिले.

सुपारीही याच आठव्या प्रकरणात, ०८०२ ८० मध्ये येते. तिच्यावर आयात शुल्क १०० टक्के. शिवाय किमान आयात मूल्याची अट आहे: २०१७ मध्ये किलोला २५१ रुपये होते, फेब्रुवारी २०२३ मध्ये ३५१ झाले, त्याहून स्वस्त सुपारी देशात आणायचीच नाही. हेतू उघड होता. कर्नाटकातला, केरळातला, आपल्या श्रीवर्धनचा बागायतदार बाहेरच्या स्वस्त मालाखाली चिरडू नये. पण ही तटबंदी बांधली ती सुपारीभोवती नव्हे, एका क्रमांकाभोवती. मग पळवाटांचा शोध सुरू झाला. आधी उकडलेली, चिकणी, वासाची अशी सुपारी २१०६ ९० ३० मध्ये, म्हणजे पुडीतल्या तयार सुपारीच्या खान्यात बसवण्याचे प्रयत्न झाले आणि त्यावर न्यायाधिकरणांत वर्षानुवर्षे कागद फिरले. त्यानंतर शहाणपण सुचले ते भट्टीचे. सुपारी भाजून आणा, म्हणजे ती २००८ १९ २० होते, ‘इतर भाजलेली कवचफळे व बिया’. तिथे तेव्हा शुल्क ३० टक्के होते, आणि किमान मूल्याची अट नव्हती.

कस्टम्स खात्याचे म्हणणे असे की हे भाजणे नसून ओलावा घालवण्यापुरते शेकणे आहे, माल आठव्या प्रकरणातलाच. अग्रिम निर्णय देणाऱ्या प्राधिकरणाने आयातदारांचे म्हणणे मान्य केले. खाते अपिलात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भाजकी सुपारी विसाव्या प्रकरणातच बसते, असा निकाल दिला. निकाल चुकीचा म्हणता येत नाही. कोष्टकात ‘भाजलेले’ असा खाना आहे, माल भाजलेला आहे, आणि न्यायालयाने कोष्टक वाचायचे असते, बागायतदाराचे हित नव्हे. पुढे एप्रिल २०२५ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने भाजक्या सुपारीच्या आयातीवरही निर्बंध आणले. म्हणजे जे काम शुल्काच्या कोष्टकात आधीच व्हायला हवे होते, ते दोन वर्षे उशिरा अधिसूचनेने करावे लागले. दरम्यान कोण किती कमावून बसले याचा हिशेब कोणी मांडणार नाही.

यावर दोन ठरीव प्रतिक्रिया उमटतात. व्यापारी लबाड, ही एक. अधिकारी अडवणूक करणारे, ही दुसरी. दोन्ही थोड्याफार खऱ्या असतीलही, पण निरुपयोगी आहेत. शंभर आणि तीस यांच्यामधली सीमारेषा भट्टीच्या तापमानावर आखली, तर लबाड नसलेला माणूसही भट्टी घेणारच.

दरांतली तफावत वाईटच असते असे मात्र नाही. काजूचे पाहा. कवचासकट कच्च्या काजूवर शुल्क अडीच टक्के, सोललेल्या गरावर २०१९ पासून ७० टक्के. जवळजवळ सुपारीएवढीच मोठी ही दरी आहे, आणि तिच्यावर कोकणात भांडण आहेही. आफ्रिकेतला कच्चा काजू एवढ्या स्वस्तात आला तर वेंगुर्ल्याच्या बीला भाव कोण देणार, असे बागायतदार विचारतो आणि कारखानदार त्याला उत्तर देतो. पण ते भांडण धोरणाचे आहे, उघड्यावरचे. बंदरात उभ्या कंटेनरमधला काजू कवचात आहे की नाही, यावर कोणी वकील लावत नाही. बदामाचेही तेच: कवचासकट किलोला ३५ रुपये, सोललेला १००. कवच डोळ्यांना दिसते. किती भाजले ते दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, त्या अहवालावर दुसरा अहवाल लागतो, आणि तोवर कंटेनरचे भाडे चढत राहते. मोठी तफावत ठेवायचीच असेल तर ती डोळ्यांना दिसणाऱ्या रेषेवर ठेवावी. जिथे रेषा दिसत नाही तिथे दोन्हीकडे दर एक करावेत.

दर एक केल्याने काय होते, ते जीएसटीत नुकतेच पाहिले. डिसेंबर २०२४ च्या जैसलमेरच्या बैठकीत परिषदेने मीठमसाल्याच्या सुट्या पॉपकॉर्नला ५, पाकीटबंद असेल तर १२ आणि कॅरॅमल लावले तर १८ टक्के, असा खुलासा केला आणि देशभर टवाळी ओढवून घेतली. (शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर नाही, हा सांगली-नाशिकला दिलासा देणारा खुलासाही त्याच बैठकीतला, त्याची बातमी पॉपकॉर्नखाली दबली.) २२ सप्टेंबर २०२५ पासून ही सारी मंडळी पाच टक्क्यांच्या पंगतीला बसली. बदाम १२ वरून पाचावर आला आणि आधीपासून पाचावर असलेल्या मनुकेच्या शेजारी जाऊन बसला. मिठाचे की कॅरॅमलचे, हा प्रश्न त्या दिवशी कोणी सोडवला नाही. तो विचारण्यात कोणाला रस उरला नाही.

आयात शुल्काचे इतके सोपे नाही, हे मान्य. तिथे देशी माल वाचवायचा असतो, व्यापारी करार असतात. अमेरिकेने पोलादावर शुल्क लावले म्हणून आपण २०१९ मध्ये तिच्या अक्रोडावर आणि बदामावर जादा शुल्क लावतो, मग २०२३ मध्ये मागे घेतो. असल्या खेळात सगळे दर समान होणार नाहीत. पण सुपारीसारख्या जिनसेपुरते तरी, ती कच्ची येवो, उकडून, भाजून, कातरून की भुकटी करून येवो, वजनामागे एकच दर आणि एकच किमान मूल्य ठेवायला अडचण कसली? मिश्रणात ती ठरावीक टक्क्यांहून जास्त असेल तर मिश्रणालाही तोच दर लावावा. ती टक्केवारी तराजूवर ठरते, भट्टीवर नव्हे. आज भाजकी अडवली, उद्या आणखी एखादी प्रक्रिया निघेल, आणि तिच्यासाठी पुन्हा प्राधिकरण, उच्च न्यायालय आणि अधिसूचना ही वारी घडेल. वकिलांच्या फीपुरती ही वारी फायद्याची आहे. श्रीवर्धनच्या बागेत तिचा एक रुपयाही पोचत नाही.