मोहरी पेरा, पण आधी गावात दोन ठराव करा

शेतकरी बंधूंनो, धान कापून झाला की आपल्या भंडारा-गोंदिया पट्ट्यातल्या कितीतरी बांध्या पुढच्या पावसापर्यंत उघड्या पडतात. उतेऱ्याची लाखोळी आणि जवस आता पूर्वीइतके दिसत नाहीत. या रिकाम्या बांध्यांत मोहरी घ्या, असा आग्रह गेली काही वर्षे सुरू आहे. बियाण्याची मिनिकीट वाटली जातात, शिवारफेऱ्या होतात. पीक चांगले आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नुसत्या बियाण्याच्या पाकिटाने मोहरी गावात टिकत नाही. माझे ऐकू नका, देशाचे आकडे बघा.

1985-86 मध्ये देशात मोहरी-तोरियाचे उत्पादन साधारण 27 लाख टन होते. 1986 च्या मे महिन्यात तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि दहा वर्षांत, म्हणजे 1996-97 ला, आकडा 66 लाख टनांवर गेला. दुपटीहून अधिक! याला लोक पिवळी क्रांती म्हणाले. नवे वाण आले, राजस्थान-हरियाणात विहिरी आणि बोअरचे पाणी आले, हे खरेच. पण त्याच काळात बाहेरचे तेल सरकारच्या हातूनच देशात येत होते आणि 1989 पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाला बाजारात उतरून भाव सावरण्याचे काम दिलेले होते. पेरणाऱ्याला भावाचा भरवसा होता, हे विसरून चालणार नाही.

पुढे 1994-95 मध्ये खाद्यतेलाची आयात खुली झाली. 1998 मध्ये आयातशुल्क 15 टक्क्यांवर आले आणि स्वस्त पामतेल बंदरांत उतरू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळल्याने जलोदरासारखा आजार पसरला, साठाहून अधिक माणसे गेली, आणि गिऱ्हाईक मोहरीच्या तेलालाच घाबरले. वर निसर्गाचा फटका. 2002-03 च्या दुष्काळात उत्पादन 39 लाख टनांपर्यंत खाली आले. 2005-06 ला ते 81 लाखांवर चढले खरे, पण मग दहा-बारा वर्षे गाडी तिथेच मागेपुढे होत राहिली.

ती पुन्हा हलली कधी? 2021 मध्ये हमीभाव 4650 रुपये असताना बाजारात मोहरी क्विंटलला सात हजारांच्या वर गेली, तेव्हा. राजस्थानचा शेतकरी काही भाषण ऐकून पेरत नाही. त्याने भाव पाहिला आणि पेरा वाढवला. 2020-21 ला एक कोटी टनांचा टप्पा आधीच ओलांडला होता, 2023-24 ला 1 कोटी 30 लाख टनांच्या वर उत्पादन गेले. आणि माल वाढला तेव्हा काय झाले? कच्च्या पामतेलावरचे शुल्क साडेपाच टक्क्यांवर आणून ठेवलेले होते. 2023 च्या हंगामात 5450 च्या हमीभावाखाली मोहरी विकावी लागली. सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क साडेसत्तावीस टक्के केले, मे 2025 अखेर पुन्हा साडेसोळा. एकीकडे 10,103 कोटींचे तेलबिया अभियान आणि दुसरीकडे असे खालीवर होणारे शुल्क. देशाला लागणाऱ्या तेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते, त्यामुळे या शुल्काचा झटका थेट बांधीपर्यंत पोचतो. दिल्लीतला हा खेळ तुमच्या-माझ्या हातात नाही. गावातल्या दोन गोष्टी मात्र आहेत.

पहिली गोष्ट मोकाट जनावरांची. धान निघाला की गुरे मोकळी सोडायची, ही आपली जुनी रीत. एकट्याने एकरभर मोहरी पेरली तर ती गावच्या गुरांसाठीच पेरली असे समजा. काटे लावून, रात्री जागून एक वर्ष निघेल, दुसऱ्या वर्षी तो माणूस मोहरीचे नाव काढणार नाही. म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना माझी विनंती आहे की, मोहरी निघेपर्यंत गुरे राखणीतच राहतील असा ठराव दिवाळीआधी ग्रामसभेत घ्यावा. गुराख्याची मजुरी कोण देणार हेही तेव्हाच ठरवावे, नाहीतर ठराव वहीतच राहतो. मोहरी एकाच चकात, लागून लागून पेरली तर राखणही सोपी जाते. मामा तलावात पाणी शिल्लक असेल तर त्याच बैठकीत मोहरीच्या दोन पाण्यांचा हिशेब करून टाका, एक फुलोऱ्याआधी आणि एक शेंगा भरताना. उन्हाळी धानाला लागते त्याच्या तुलनेत हे पाणी फारच थोडे आहे.

दुसरी गोष्ट विक्रीची. आपल्याकडे मोहरीचा व्यापारी एखाद-दुसरा, तो म्हणेल तो भाव. हमीभावाची खरेदी आपोआप सुरू होत नाही, त्यासाठी राज्याला केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. गावोगावचा पेराच कागदावर नसेल तर प्रस्ताव कशाच्या जोरावर पाठवणार? तेव्हा ई-पीक पाहणीत मोहरीची नोंद करा, आणि तलाठीभाऊंनीही बांधी पडीक दिसली म्हणून तसेच लिहून मोकळे होऊ नये. सेवा सोसायटीने खरेदीची मागणी पेरणीच्या वेळीच लेखी द्यावी. हा दुसरा ठराव. चार गावे मिळून तेलघाणी टाकता आली तर उत्तमच, क्विंटलमागे 33 ते 36 किलो तेल निघते आणि ढेप जनावरांना होते. मात्र पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखेच दिसते, ते झाड बांधावर फुलताना दिसले की उपटा. घाण्यावर माल नेण्याआधी चाळून, निवडून घ्या.

आणखी एक. उशिरा निघणाऱ्या धानाच्या बांधीत मोहरीचा हट्ट धरू नका. पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवी, उशीर झाला की मावा पीक चाटून खातो. ज्या बांधीत मोहरी घ्यायची तिथे खरिपातच 120-125 दिवसांचे धान लावा. एकरी दोन किलो बी पुरते. गंधकाची मात्रा चुकवू नका, दाण्यात तेल त्यानेच भरते. उतारा कमी आला तर वाणाला दोष देण्याआधी या गोष्टी तपासा.

ग्रामसभेची तारीख ठरली की आपल्या कृषी सहायकाला निरोप द्या, त्यालाही बैठकीला बसवा आणि मिनिकीट किती व कधी येणार ते तिथेच सर्वांसमक्ष विचारा.