नीळ न घालताच निळी

मैत्रिणींनो, पांढऱ्या कपड्यांना नीळ देताना हात जरा सैल सुटला की बादलीतलं पाणी कसं निळंशार होतं आणि मग यांचे सगळे सदरे निळसर निघतात, हा अनुभव तुम्हांला असेलच. तशा शंभर बादल्या कुणी डोंगरात ओतून दिल्या असाव्यात, अशी एक नदी मी पाहून आले. दुधाळ आकाशी रंगाची, आणि नीळ मात्र कणभरही नाही!

ही नदी आहे मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका या देशात. नाव रिओ सेलेस्ते, म्हणजे अगदी सरळ ‘आकाशी नदी’. तेनोरिओ नावाच्या ज्वालामुखी डोंगरावरच्या दाट जंगलातून ती वाहते. मुलगा आणि सून अमेरिकेत असतात, त्यांनी रजा जमवून मला नेलं.

आदल्या रात्री पत्र्यावर पाऊस वाजू लागला. फार पाऊस झाला की नदी गढूळ, तपकिरी होते आणि निळाई दिसतच नाही, असं ऐकलं होतं. खरं सांगते, मला मनातून बरंच वाटलं! धबधब्यापाशी उतरायला अडीचशेच्या आसपास पायऱ्या, आणि माझे गुडघे हे असे. पण तासाभरात पाऊस ओसरला. सकाळी मी म्हटलं, “तुम्ही जाऊन या, मी सामानाशी बसते.” हे वाक्य आपल्या जिभेवर किती रुळलेलं असतं, नाही? जेजुरी असो की महाबळेश्वर, चपला आणि पिशव्या राखायला मीच. सून म्हणाली, “आई, सामान आहेच कुठे? एक पिशवी, ती मी पाठीला अडकवलीय.” यावर काय बोलणार!

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट भाड्याने मिळतात, ते चढवले. वाटेत चिखल फार, तेव्हा ती ऐट नव्हे, गरजच. पायऱ्यांवर दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी मी टेकत होते आणि सूनही गुपचूप टेकत होती, जणू तीच दमली आहे. खाली सुमारे 30 मीटर उंचीवरून पाणी कोसळतं आणि डोहात निळं होऊन पसरतं. पाय दुखतात हे मी तिथे विसरले. वर चढताना आठवलं म्हणा.

पुढे एके ठिकाणी जमिनीतल्या वायूमुळे पाण्यात बुडबुडे उठतात, थेट भाताचं आधण. वास मात्र नासक्या अंड्यांचा!

आणि वाटेच्या शेवटी ती जागा. तिला तिकडे ‘रंगाऱ्याची जागा’ म्हणतात. दोन ओढे येऊन मिळतात, दोन्हींचं पाणी आपल्या नळाच्या पाण्यासारखं बिनरंगी. मिळाले की तिथून पुढे निळं! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. देवाने आभाळ रंगवून झाल्यावर कुंचले इथे धुतले, अशी तिकडची गोष्ट आहे. शास्त्रज्ञांनी 2013 साली त्याचा उलगडा छापला. एका ओढ्यात अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकायुक्त मातीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. दुसऱ्याचं पाणी आम्लधर्मी, त्याचं नावच ‘आंबट ओढा’. आंबट पाणी मिसळलं की ते कण एकमेकांना चिकटून सरासरी तिपटीने मोठे होतात, 184 नॅनोमीटरचे 566. एवढ्या आकाराचे कण उन्हातला निळा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे उधळतात. काही कण खाली बसून तळाच्या दगडांवर पांढरा थर धरतात. दूध घातल्याशिवाय दही लागत नाही आणि आंबट घातल्याशिवायही नाही, तसंच काहीसं हे.

घरबसल्या नमुना पाहायचाय? काचेच्या पेल्यात पाणी घ्या, दुधाचे दोन-तीन थेंब टाका आणि अंधारात एका बाजूने बॅटरी लावा. पाणी किंचित निळसर दिसेल. मुलांनाही मौज वाटेल.

उद्यानाच्या आत पाण्यात उतरायला बंदी आहे, ती पाळावी. बाहेर रस्त्यालगत लोक उतरतात, तिथे मी वाकून ओंजळ भरली. पाहते तो काय, ओंजळीतलं पाणी स्वच्छ, बिनरंगी! “आई, रंग गेला की!” सून म्हणाली. पाणी सोडून दिलं, आणि परत निळ्यात निळं.

तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडे असतील आणि बेत ठरला, तर फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने त्यातल्या त्यात कोरडे. तरी हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. येऊन-जाऊन सहा-सात किलोमीटर चाल पडते, म्हणून महिनाभर आधीपासून रोज जिना चढा-उतरायची सवय करा. साडी नेसून रबरी बूट घालता येत नाहीत, पंजाबी ड्रेसच बरा. एक काठी घ्या.

रात्री गुडघे सुजले. सुनेने तेल कोमट करून आणलं आणि म्हणाली, “आता पुढच्या वेळी सामान कोण सांभाळणार?”