ट्रकवरचा दिवा खरखरतो, दंड मात्र ड्रायव्हरलाच

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण रात्री कल्याण-शीळ रस्त्याने गाडी आणणाऱ्यांनी, आणि त्याहून जास्त आपल्या टेम्पो-ट्रकवाल्या भावांनी, वाचाच.

ट्रकवर बाहेरून बसवलेल्या एलईडी दिव्यांवर आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक दुचाकीवाल्यांचा: "माजलेत हे, सरळ काचा फोडा." दुसरा गाडीवाल्यांचा: "आमच्या पोटावर पाय देऊ नका. खड्डा दिसला नाही तर पाटा आमचा तुटतो, तुमचा नाही." दोघांचाही राग मला कळतो. पण या भांडणात एक तिसरा माणूस आहे आणि तो दुकानात बसून दोघांची मजा बघतोय. त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आज त्याच्याबद्दलच बोलायचंय. आणि सुरुवात डोळ्यांपासून नाही, कानापासून करतो.

ठाकुर्लीत ९० फुटी रस्त्यावर माल उतरवणाऱ्या एका छोटा हत्तीवाल्याची गोष्ट. त्याने टपावर एलईडी बार बसवला आणि त्याच दिवशी त्याचा रेडिओ गेला. "दिवा बंद केला की गाणं लागतं भाऊ, चालू केला की नुसती खरखर." दुकानदाराने सांगितलं, रेडिओ जुना झालाय. २२०० रुपयांचा नवा प्लेअर त्याच्या गळ्यात मारला. खरखर तशीच. मग वायरमनने एरियल उपटून टाकली आणि पेनड्राइव्ह लावून दिला. झालं काम! म्हणजे दोष दिव्याचा, शिक्षा रेडिओला आणि भुर्दंड ड्रायव्हरला.

आता ही खरखर येते कुठून ते समजून घ्या, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. छोट्या टेम्पोची बॅटरी १२ व्होल्टची, मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची. एलईडीच्या एका चिपला साधारण ३ व्होल्ट पुरतात आणि तिला करंट अगदी मोजून द्यावा लागतो, नाहीतर ती जळते. म्हणून दिव्याच्या पोटात एक सर्किट असतं. ते बॅटरीचा करंट सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा तोडतं-जोडतं आणि हवा तेवढाच पुढे सोडतं. हे तोडणं-जोडणं म्हणजेच एक बारकं रेडिओ स्टेशन समजा. ते आपला कचरा 'अस्मिता' वाहिनीच्या ५५८ किलोहर्ट्झपासून थेट एफएमच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झपर्यंत सांडत राहतं. टपापासून बॅटरीपर्यंत गेलेली लांबलचक वायर त्याची एरियल बनते. आणि मुंबईचं एफएम आपल्याकडे आधीच लांबून येतं, त्यामुळे क्षीण स्टेशन पहिलं बुडतं.

चांगला कारखानदार हे रोखायला सर्किटच्या तोंडाशी एक कॉइल आणि दोन-तीन कपॅसिटर घालतो, धातूचं कवच नीट अर्थ करतो. स्वस्तातला बनवणारा नेमका हाच माल गाळतो. का? कारण तो गाळला तरी दिवा तेवढाच लख्ख पेटतो. काउंटरवर गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. तो नंतर ऐकू येतो.

मग माझा दिवाच खरखरतोय हे ओळखायचं कसं? फुकटात होतं. इंजिन बंद ठेवा, चावी फिरवून फक्त रेडिओ लावा, मुद्दाम एखादं क्षीण स्टेशन पकडा. दिवा चालू-बंद करा. दिव्याबरोबर खरखर आली-गेली तर चोर सापडला. इंजिन सुरू केल्यावरच आवाज येत असेल आणि रेस दिल्यावर त्याची शिट्टी चढत असेल, तर तो अल्टरनेटरचा, म्हणजे आपला वायरमन ज्याला डायनामो म्हणतो त्याचा दोष. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतात, तेव्हा "इंजिनचा स्पार्क मारतोय" असं कुणी सांगितलं तर त्याला हसून नमस्कार करा. चार-पाच दिवे असतील तर एकेकाचं सॉकेट काढून बघा. बऱ्याचदा एकच नग सगळ्यांना बदनाम करतो.

नंतर रेडिओच्या मागची एरियलची पिन काढा. स्टेशन जाईलच, पण खरखरही गेली तर कचरा हवेतून एरियलमध्ये शिरतोय. तशीच राहिली तर तो वायरीतून येतोय. हे कळल्याशिवाय नवा प्लेअर घेणं म्हणजे दात दुखतोय म्हणून चष्मा बदलणं.

उपायही फार महाग नाहीत. दिव्याची अर्थ वायर रंगावर नट आवळून दिलेली असते. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर, शक्य तितकी आखूड द्या. प्लस-मायनस दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, एरियलच्या वायरीपासून लांब. फेराइटचं कडं मिळतं, लॅपटॉपच्या वायरीवर जो काळा गठ्ठा असतो तेच; दोन्ही वायरी एकत्र धरून त्यातून चार-पाच वेढे घ्या, आणि हे दिव्याच्या अगदी जवळ करा. रेडिओपाशी केलं तर उपयोग अर्धाही नाही. हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घातला असेल आणि केबिनमध्ये किर्र आवाज येत असेल, तर तो बल्बच्या शेपटीतला पंखा आहे. आपल्या धुळीत तो बसणारच. पंखा बंद पडला की बल्ब तापून मरतो, म्हणून त्या आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. एवढं सगळं करूनही खरखर राहिली तर दिवा काढा. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच.

"अहो पत्रकार, रेडिओ ऐकतो कोण आता?" हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. २६ जुलै २००५ ला मोबाइल गप्प झाले होते, तेव्हा रेडिओ कुणी ऐकला ते कल्याण-डोंबिवलीतल्या चाळिशीपुढच्या माणसाला विचारा. आणि प्रश्न गाण्यांचा नाहीच. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने जहाजवाल्यांसाठी इशारा काढला होता: एलईडी दिव्यांमुळे जहाजावरचा व्हीएचएफ रेडिओ बहिरा होतो. एका प्रसंगी बचाव केंद्राला जहाजाशी बोलताच येईना. त्यांनी सांगितलेली तपासणीही वर लिहिलेल्या तपासणीची बहीणच, दिवा बंद करून रेडिओ ऐका, मग चालू करून ऐका. तिथे देशाच्या तटरक्षक दलाने दखल घेतली. आपल्याकडे दुकानदार म्हणतो, रेडिओ जुना झाला.

आता डोळ्यांकडे येतो. ज्याने चार रुपये वाचवायला फिल्टर गाळला, त्याने प्रकाशाला वळण देणारी भिंगं आणि परावर्तक यावर खर्च केला असेल असं तुम्हाला वाटतं? मला नाही वाटत. हॅलोजनच्या हेडलाइटची वाटी ही बल्बमधली तार नेमकी कुठे आहे हे धरून घडवलेली असते. तिथे भलत्या जागी चिपा असलेला एलईडी घातला की झोत विस्कटतो आणि डिप्पर मारला तरी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. खोक्यावर मात्र '३०० वॅट', '९ ते ३२ व्होल्ट' असं झोकात छापलेलं. १२ व्होल्टवर ३०० वॅट म्हणजे २५ अँपिअर. मग त्याच दुकानाने घालून दिलेला १० अँपिअरचा फ्यूज उडत का नाही? कारण ३०० वॅट फक्त खोक्यावर आहेत. खरखर, खोटा वॅट आणि आंधळा करणारा झोत ही एकाच आईची लेकरं आहेत. म्हणून मी म्हणतो, रेडिओची खरखर हा त्या दिव्याने स्वतःच दिलेला कबुलीजबाब आहे. तो घ्यायला आपल्याकडे कुणी बसलेलं नाही, एवढंच.

कायदा नाही असंही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम अगदी फूटपट्टी घेऊन लिहिलाय: दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत तो दिपता कामा नये. १११ वा नियम पुढच्या बाजूला स्पॉटलाइट, सर्चलाइट लावायला परवानगीशिवाय मनाई करतो. गाड्यांतून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय कचऱ्यासाठी एआयएस-००४ हे मानक आहे आणि गाड्यांच्या अशा चाचण्या करणारी एआरएआय आपल्याच पुण्यात, टेकडीवर उभी आहे. म्हणजे कंपनीतून गाडी बाहेर पडते तेव्हा शांत असते. तिला गोंगाट शिकवतो तो नंतरचा बाजार.

आणि हे खास वाचा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १८२अ आलं. मालकाने परवानगीशिवाय गाडीत फेरबदल केले तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरबदलामागे ५००० रुपये दंड. पण त्याच कलमात, अधिसूचित केलेला सुरक्षेचा महत्त्वाचा भाग मानकात न बसणारा असूनही विकला, तर विकणाऱ्याला एका वर्षापर्यंत कैद किंवा दर नगामागे १ लाख रुपये. लेखणी उचलताना संसदेला कळलं होतं की विकणारा मोठा गुन्हेगार आहे. रस्त्यावर मात्र काठी ५००० वाल्यावरच पडते, कारण तो हात दाखवला की थांबतो. दुकान थांबवायला दुकानापर्यंत चालत जावं लागतं.

पासिंगच्या आदल्या दिवशी बार उतरतो, पासिंग झालं की चढतो, हे गॅरेजवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. अशा तपासणीला मी तपासणी म्हणत नाही.

टेम्पोवाल्या भावांनो, तुमचीही बाजू घेऊन गप्प बसणार नाही. अंधार आहे, खड्डे आहेत, मेट्रोच्या कामाचे पत्रे आडवेतिडवे उभे आहेत, सगळं खरं. ते मागण्यासाठी मी तुमच्यासोबत महापालिकेच्या दारात येतो. पण समोरच्या स्कूटरवरचा माणूस, मागे पोरगी बसलेली, तुमच्या झोतात दोन सेकंद आंधळा होतो आणि त्याच दोन सेकंदांत त्याला तोच खड्डा चुकवायचा असतो. तुमच्या पाट्याचा हिशोब त्याच्या हाडांवर टाकू नका. कंपनीचा हेडलाइट अंधुक वाटत असेल तर आधी पिवळी पडलेली काच बदला, झोताची उंची लावून घ्या, वायरीत दाब पडतोय का ते मीटर लावून बघा. निम्म्या गाड्यांचा अंधार तिथेच संपेल.

आता माझ्या बाजूने. सोमवारी माहिती अधिकारात परिवहन कार्यालयाकडे अर्ज टाकतोय. त्यात तीनच प्रश्न आहेत. बाहेरून बसवलेल्या दिव्यांसाठी गेल्या तीन वर्षांत किती गाड्यांना दंड झाला? त्याच काळात दिवे विकणाऱ्या किती दुकानांवर कलम १८२अ खाली कारवाई झाली? आणि हे बार व बल्ब त्या कलमातल्या 'महत्त्वाच्या भागां'मध्ये धरले जातात की नाही, कोणत्या अधिसूचनेनुसार?

उत्तर आलं की इथेच टाकेन. तोवर ज्यांच्या गाडीचा रेडिओ दिव्याने खरखरतो, त्यांनी दिव्याच्या खोक्याचा फोटो मला मेसेजमध्ये पाठवा, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता छापलाय का ते दिसेल असा. गाडीचा नंबर आणि तुमचं नाव नको. आतापर्यंत सात खोकी बघितली. पत्ता एकावरही नाही.